नव्या सिस्टर, पीबीएल आणि आमचं मॅनेजमेंट

मिरज जंक्शन

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र. पण पुढच्या गुरुवारी आमच्याकडे भरतीची मिटिंग आहे, त्याआधी चार जणांचं ऐकून घ्यावं म्हणून धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मिरजेतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी मेट्रन आहे. कागदावर नर्सिंग सुपरिंटेंडंट, पण वॉर्डातल्या मामांपासून विश्वस्तांपर्यंत सगळे मेट्रनच म्हणतात. गेल्या वर्षी सहा नव्या मुली घेतल्या. तीन जीएनएम, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमावाल्या, आमच्यासारख्याच शिकलेल्या : वर्गात नोट्स, मग वॉर्डात हात. तीन बीएस्सी, म्हणजे नर्सिंगच्या पदवीवाल्या, आणि त्यांच्या कॉलेजात दोन मोठे विषय पीबीएलने, म्हणजे समस्याधारित पद्धतीने शिकवतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आठ-दहा मुलींचा गट, समोर कागदावरचा एक पेशंट. आजाराचं नाव सांगत नाहीत. काय कळतंय, काय कळत नाही ते मुलींनीच फळ्यावर मांडायचं, आपसात वाटून घ्यायचं, दोन दिवस वाचून परत बसायचं. ट्यूटर शेजारी असते, पण उत्तर देत नाही. पद्धत कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाची. १९६९ साली तिथल्या डॉक्टरकीच्या पहिल्या बॅचला अशी शिकवायला सुरुवात झाली, नर्सिंगमध्ये ती नंतर आली. (हॅमिल्टन ओंटारियोत. १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं करणारे आपले वॉनलेससाहेब जन्माने ओंटारियोचेच. असो, अवांतर झालं.)

तर आमच्या मालक डॉक्टरांचं म्हणणं, ‘यापुढे त्या चर्चावाल्या मुली नकोत.’

पहिल्या महिन्यात मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? जीएनएमच्या मुली दुसऱ्या आठवड्यात सकाळची इंजेक्शनं दहाच्या आत आटपायच्या. या तिघींची ट्रॉली साडेअकराला अजून कॉरिडॉरमध्ये. एकीने एका आजींना इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेत ठेवायची सुई) लावताना तीनदा टोचलं, नातवाने मोबाईल वर धरला. मी स्वतः जाऊन लावला तेव्हा प्रकरण मिटलं. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालायची म्हटलं की तिघींचे चेहरे उतरायचे.

मग हा एक प्रसंग. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर मिनिटाला किती श्वास या रकान्यात आमच्याकडे सगळ्या पेशंटना न मोजताच २० असतात. तुमच्याकडेही असतील, लाजू नका. त्या रात्री एका चार्टवर २८ आले. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाई, तिसरा दिवस. त्या तिघींतली एक ड्युटीवर होती. पूर्ण मिनिट मोजून लिहिलेले २८. तिने आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, बोलावलं. ते म्हणाले, पेशंट घाबरलीय, झोपू दे. तासाने परत मोजले, परत बोलावलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा तिने थेट कन्सल्टंटना, म्हणजे त्या पेशंटच्या मोठ्या डॉक्टरांना, फोन लावला. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. बाईंना आयसीयूत हलवलं, पुढे त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात यावर मिटिंग झाली. विषय काय होता सांगा बघू? ‘आरएमओला डावलून सरांना परस्पर फोन का केला.’

तीच मुलगी पंधरा दिवसांनी रात्री दोनला त्याच सरांना उठवून म्हणाली, पेशंटच्या रक्तातलं सोडियम १२८ आलंय, कमी आहे. आदल्या दिवशी ते १२४ होतं, म्हणजे सुधारत होतं, आणि फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या ड्युटीवालीकडून पेशंट ताब्यात घेताना, तिने फाइल उघडलीच नव्हती. तेव्हा तिने बोलणी खाल्ली ती रास्तच.

मला आता असं वाटायला लागलंय की आमचे लोक तक्रार हाताची सांगतात, पण खुपतं ते तोंड. मी चुकतेय का? नोकरीवर ठेवणाऱ्यांनी आणि अशा शिकून आलेल्यांनी, दोघांनी बोला.

द्राक्षाचा दवाखाना

मेट्रनताई, मी तुमच्या मालकांच्या पार्टीतला. तासगाव भागात २५ खाटांचं हॉस्पिटल चालवतो. माझ्याकडे आरएमओची फौज नाही. रात्री एक सिस्टर, एक मावशी आणि वर राहायला मी.

फवारणीच्या दिवसांत औषध पोटात गेलेला किंवा अंगावर सांडलेला माणूस रात्री तीनला येतो. तोंडाला फेस, घामाने भिजलेला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्या वेळी मला व्हेन (सुईसाठी शीर) पाहिजे, सक्शन पाहिजे आणि अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, पाहिजे. अॅट्रोपिनची एक अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. असा पेशंट रात्रभरात किती अँप्युल खातो हे ज्यांनी फोडल्यात त्यांना माहिती, बोटांना चिरा पडतात. ‘आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही’ असा फळा मांडत बसायला तिथे वेळ नसतो. जीएनएम झालेली, तालुक्याच्या दवाखान्यात दोन वर्षं काढलेली पोरगी मला चालते. तुमच्या चर्चावाल्या पुण्या-मुंबईला शोभतात.

आणि स्पष्ट बोलतो, राग नसावा. बीएस्सीवाली माझ्याकडे सहा महिने टिकत नाही. तिला मी शिकवायचं आणि तिने दुसरीकडे जायचं, हा धंदा मला परवडत नाही.

अवांतर पाटील

डॉक्टर, पगार किती देता ते पण सांगा.

द्राक्षाचा दवाखाना

धाग्याचा विषय तो नाही.

निशाचर

मी अशीच शिकलेली. चार वर्षं झाली, सध्या सांगलीत आयसीयूला. डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचून हसू आलं, कारण दुसऱ्या वर्षाला आमची एक केस नेमकी तुमचाच पेशंट होती. कवठेमहांकाळकडचा बागायतदार, मास्क न लावता फवारणी.

पहिल्या कागदावर फक्त लक्षणं. दुसऱ्या कागदावर : ‘अॅट्रोपिन सुरू आहे. नाडी १३०. छातीत अजून खरखर. पुढचा डोस आणायला सांगितलाय. तुम्ही काय कराल?’ आम्ही नऊ जणी अर्ध्या-अर्ध्या झालो. निम्म्या म्हणाल्या, नाडी एवढी वाढलीय तर डोस थांबवा, डॉक्टरांना विचारा. दोन दिवस वाचून आलो तेव्हा कळलं की नुसती नाडी वाढली म्हणून थांबायचं नसतं. छाती मोकळी झाली का, काख कोरडी झाली का, बीपी धरलंय का, ते बघायचं. आणि पेशंट बडबडायला लागला, अंग तापलं, पोटातले आवाज बंद झाले, लघवी अडली, तर मात्र अॅट्रोपिन जास्त झालं.

मॅडमनी हेच एका लेक्चरमध्ये सांगितलं असतं तर परीक्षेत लिहिलं असतं आणि विसरले असते. मी ‘थांबवा’वाल्यांत होते, म्हणून लक्षात राहिलं. चूक माझी होती ना.

पण हाताबद्दल मेट्रन मॅडम म्हणतात ते सगळं खरं. आमची लॅब छान, पुतळ्याच्या हातातली व्हेन कधी फुटत नाही. पहिल्या नोकरीत मी बाथरूममध्ये जाऊन रडलेय. तिथल्या इनचार्ज सिस्टरनी ट्रेनिंग म्हणून काही केलं नाही. फक्त तीन आठवडे रोज सकाळी ब्लड कलेक्शनला मलाच पाठवलं. रोज वीस-पंचवीस माणसं. चौथ्या आठवड्यात हात बसला, तोही मला न कळत.

प्रश्न विचारण्याचं म्हणाल तर, विचारायचं बंद करायला तीन आठवडेही लागत नाहीत. दोनदा सगळ्यांसमोर ‘तू डॉक्टर झालीस का?’ ऐकलं की पुरे.

जुनी कॅप

सिव्हिलमधून रिटायर झालेय. साडेतीन वर्षांचं जीएनएम, १९८० च्या दशकातलं. आमच्या सिस्टर ट्यूटरला प्रश्न विचारला तर त्या आमच्या कॅपकडे बघायच्या, कोपरा वाकडा आहे का म्हणून. प्रश्न तिथेच संपायचा.

तुमची पद्धत चांगली असेल, नाही म्हणत नाही. पण बाई, बेडसोअर (पडून पडून पाठीला होणारी जखम) चर्चेने बरा होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, पाठ पुसावी लागते, चादरीची चुणी काढावी लागते. आजकालच्या पोरींना पेशंटचं पोट साफ झालं का हे विचारायची लाज वाटते आणि केअर प्लॅन मात्र तीन पानांचा. मी शेवटची पाच वर्षं नव्या मुली बघितल्या. जिला पेशंटच्या अंगाला हात लावायची किळस नाही ती कुठल्याही पद्धतीने शिकू दे, सिस्टर होते.

श्वास २० लिहायचं मात्र खरंय. आम्हीही लिहिलेत. देव माफ करो.

चिकित्सक चिमणी

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, जिल्हा सातारा, नाव विचारू नका. घरचं लक्तर वेशीवर टांगतेय, पण ‘पीबीएलवाल्या मुली’ ही एक जात नाही हे सांगायलाच हवं.

मॅकमास्टरची कल्पना म्हणजे छोटा गट आणि तयार ट्यूटर. हॉलंडमध्ये मास्ट्रिख्टला त्यांनी तिच्या सात पायऱ्या बांधल्या : अनोळखी शब्द उलगडा, प्रश्न ठरवा, सुचेल ते बोला, त्याची मांडणी करा, काय शिकायचं ते ठरवा, एकट्याने वाचा, परत येऊन जोडा. आता आमच्याकडे या. आपल्या नर्सिंग कौन्सिलच्या नियमात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. कागदावर आहेत. प्रत्यक्षात दोन जणी बाळंतपणाच्या रजेवर, एक इन्स्पेक्शनच्या फाइली करतेय, आणि मी एकटी साठ मुलींचे सहा गट एकाच हॉलमध्ये बसवून मासळीबाजार ऐकतेय. २०२१-२२ पासून सेमिस्टर पद्धत आणि सक्षमतेवर आधारलेला अभ्यासक्रम आला, त्यामुळे प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘केस’, ‘सिम्युलेशन’ आणि ‘पीबीएल’ छापलेलं असतं. एका ठिकाणच्या केसमध्ये मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय : ‘जॉन, वय ५४, ओहायो, नोकरी विमा कंपनीत.’ आमच्या माण तालुक्यातल्या पोरी जॉनच्या विम्यावर चर्चा करत होत्या.

त्या वर्षी मी एक केस स्वतः लिहिली. ऊसतोडीचा मजूर, खोपीत जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलाय. बस, एवढंच. मुलींनी अॅसिडिटीपासून अपेंडिक्सपर्यंत सगळं फळ्यावर लिहिलं. दुसरा कागद : पापण्या जड झाल्यात, गिळता येत नाही. वीस मिनिटं शांतता. मी तोंडाला कुलूप लावून बसले, आणि शिकवणाऱ्या बाईला सगळ्यात अवघड तेच असतं. शेवटी एक मुलगी, जिचे वडील स्वतः ऊसतोडीला जातात, हळूच म्हणाली, ‘मॅडम, कांडर असेल का?’ मण्यारीला तिच्या गावाकडे कांडर म्हणतात. चावल्याची खूण बहुतेक वेळा दिसतही नाही. वर्षभर ती पोरगी वर्गात बोलली नव्हती.

त्यामुळे मेट्रन मॅडम, मुलाखतीला आलेल्या मुलीला ‘पीबीएलने शिकलीस का’ हे विचारून काही कळणार नाही. ‘तुझ्या गटात किती जणी होत्या? ट्यूटर किती बोलायच्या? एक केस सांग’ असं विचारा. खरं शिकलेली मुलगी तुम्हाला स्वतः कुठे चुकली ते सांगेल. खोटी असेल ती व्याख्या सांगेल.

हरिपूर ते हल

चिमणीताईंना शंभर मोदक! मी हरिपूरची, आठ वर्षं इंग्लंडात नर्स. हे भांडण इकडे होऊन गेलंय. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून इथलं नर्सिंगचं शिक्षण हॉस्पिटलच्या ट्रेनिंग स्कूलमधून कॉलेजांकडे गेलं. मग हॉस्पिटलवाल्यांची ओरड सुरू झाली : नव्या नर्सेस पुस्तकात हुशार, पण वॉर्डात गोंधळतात. शेवटी नर्सेसच्या नियामक संस्थेने आयोग नेमला. त्याचा अहवाल १९९९ चा, त्यात सांगितलं की मुलींना वॉर्डात लवकर आणि जास्त पाठवा. काही विद्यापीठांनी पुढे पीबीएलसारख्या पद्धतीही घेतल्या. दोन्ही एकदम.

इकडे आलेल्या परदेशी नर्सला जी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते तिच्यात पेशंट तपासा, योजना करा, अमलात आणा, परिणाम बघा अशी चार स्टेशनं, म्हणजे टप्पे, एकाच पेशंटवर असतात. मी नेहमीच्या पद्धतीने शिकलेली, माझा हात झकास होता. इंजेक्शनच्या स्टेशनला एकही चूक नाही. ‘योजना’ लिहायला बसले आणि पेन चालेना, कारण आयुष्यात माझ्या पेशंटचा विचार मला कुणी करायला सांगितलाच नव्हता.

अजून एक. नव्या नर्सला इथे पहिले काही आठवडे गिनतीत धरत नाहीत. म्हणजे ड्युटी लिस्टवर तिचं नाव असतं, पण वॉर्डाला लागणाऱ्या माणसांत ती मोजत नाहीत. शेजारी अनुभवी नर्स असते. डॉक्टरसाहेबांना हे चैनीचं वाटेल, पण तिसऱ्या दिवशी एकटीने रात्र काढणारी सिस्टर कुठल्याच देशात कॉलेजातून बाहेर पडत नाही.

अवांतर पाटील

मी परत विचारतो. जानेवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर केंद्राने समिती नेमली. तिची शिफारस : ५० खाटांच्या आतल्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये. २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. डॉक्टर, तुमच्या २५ खाटा. माझी बहीण याच जिल्ह्यात महिना ११ हजारांवर काम करते, वर ओरिजिनल सर्टिफिकेट हॉस्पिटलच्या कपाटात. सहा महिने टिकत नाही म्हणता, टिकेल कशी?

द्राक्षाचा दवाखाना

पाटील, शिफारस आणि माझ्या हॉस्पिटलचा गल्ला यांची भेट करून द्या, मी चहा पाजतो. सरकारी आरोग्य योजनेतल्या केसचे पैसे महिनोन्महिने अडकलेले असतात. पण सर्टिफिकेट कपाटात ठेवणं हे चूकच. मी ठेवत नाही.

निशाचर सिस्टर, काख कोरडी झाली का बघायचं, हे माझ्या हाताखाली कित्येक वर्षांत कुठल्या सिस्टरने मला सांगितलेलं नाही, मीच त्यांना सांगतो. तेवढ्यापुरता माझा मुद्दा मागे.

सतारमेकर गल्ली

मी मेडिकलवाला नाही, पण मिरजेत वाढलोय. आमच्या सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीत नवा पोरगा आला की त्याच्या हातात आधी कानस देतात. भोपळा कापणं, तासणं, पॉलिश मारणं हे वर्ष-दोन वर्षांत हाताला बसतं. जवारी (घोडी घासून तारेला आणलेला गुंजता नाद) काढायला मात्र हाताबरोबर कान लागतो. घोडीवर किती घासायचं हे तार ऐकून ठरतं, आणि एकदा जास्त घासलं गेलं की बिघडलं. कान आहे की नाही हे मालकाला पहिल्या महिन्यात कळत नाही, कारण पहिल्या महिन्यात पोरगा झाडलोट करत असतो. मेट्रनबाईंच्या २८ वरून आठवलं.

अजिंक्यताऱ्यावरून

साताऱ्यात ब्रदर आहे, कॅज्युअल्टीला. एक राहिलं बघा. ह्या पद्धतीनं शिकलेल्या पोरींचं आपसात लय चांगलं जमतंय, पण सीनियर सिस्टरशी जमत नाय. गटात सगळ्या सारख्या, ‘तू चुकतेस’ म्हणायची सवय. हिकडं वॉर्डात जी पंचवीस वर्षं चूक करत आलीय तिला असं म्हणून चालतंय व्हय? बोलायचं कसं हे पण कॉलेजात शिकवायला पायजे. आमच्यात एकीनं फोन करायच्या आधी कागदावर चार ओळी लिहायची युक्ती काढली : पेशंट कोण, आधीचं काय, आत्ता काय दिसतंय, मला तुमच्याकडनं काय पायजे. डॉक्टर आता तिचा फोन पहिल्या रिंगला उचलतात. ती काय वेगळी हुशार नाय. तिचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपतंय, म्हणून.

मिरज जंक्शन

सगळ्यांचे आभार. काल मिटिंग झाली. वृत्तांत देते.

मालकांपुढे पहिल्या चार महिन्यांच्या नोंदी ठेवल्या. चौथ्या महिन्यात सहाही मुलींची सकाळची इंजेक्शनं साधारण एकाच वेळेला संपतात, म्हणजे हाताचा फरक गेला. ‘डॉक्टरांना कळवले’ या रकान्यातला गेला नाही. त्या तिघींच्या पानांवर नोंदी अजून भरपूर आहेत, त्यातल्या बऱ्याच फुकटच्या, हेही सांगितलं. मालकांनी बराच वेळ पानं उलटली आणि म्हणाले, ‘म्हणजे माझी झोप जाणार.’ मी म्हटलं, हो.

ठरलं ते एवढं : नव्या मुलीला पहिले तीन आठवडे सकाळी ब्लड कलेक्शन (निशाचर, तुमची कल्पना, नाव न घेता खपवली). दोन महिने एकटीला नाइट नाही. हे लिहून घेतलंय, पाळलं जाईल का ते दिवाळीत बघू, सुट्ट्या लागतात तेव्हा. आरएमओला दोनदा सांगून नाही आले तर थेट कन्सल्टंटना फोन करायचा, त्यावर खुलासा मागायचा नाही. यावर आरएमओ मंडळी माझ्याशी सध्या बोलत नाहीत. फोनच्या चार ओळींचा तक्ता नर्सिंग स्टेशनला लावला. आणि मुलाखतीला एक केसचा कागद ठेवणार आहे, जॉनचा नव्हे.

पीबीएलवाल्या घ्यायच्या की नाही हा विषय शेवटी मिटिंगमध्ये निघालाच नाही.

आज सकाळी त्या २८ वाल्या मुलीने राजीनामा दिला. पुण्याला चालली आहे, महिन्याला सात हजार जास्त. नोटिशीचा महिना पूर्ण करते म्हणाली.

अवांतर पाटील

…

द्राक्षाचा दवाखाना

मेट्रनताई, तो केसचा कागद तयार झाला की मलाही पाठवा. आणि त्या मुलीचं गाव कुठलं? तासगावकडचं असेल तर एकदा बोलून बघतो. पाटील, तुम्ही गप्प बसा.